चष्म्याचा नंबर घालवताना मोजायचे मायक्रॉन

घरात कुणी लेझरनं चष्म्याचा नंबर घालवायचं ठरवलं की चौकशी सुरू होते ती मशीनची आणि पैशांची. लॅसिक करावं की स्माइल? ब्लेडचं की बिनब्लेडचं? कंटूरा हा काय प्रकार आहे? जाहिरातीही याच नावांभोवती फिरतात. माझं म्हणणं असं आहे की त्याआधी एक आकडा विचारावा: माझ्या कॉर्नियाची जाडी किती आहे आणि ऑपरेशननंतर त्यातली किती शिल्लक राहील? गेल्या चाळीस वर्षांत या क्षेत्रात जे मोठे शोध लागले, त्यांतले बहुतेक या एका हिशोबाशी येऊन भिडतात. हिशोब समजला की मशीनची नावं आपोआप उलगडतात.

बुबुळाच्या रंगीत भागापुढे जे पारदर्शक, किंचित फुगीर आवरण असतं, तो कॉर्निया. नेत्रदानानंतर दुसऱ्याच्या डोळ्यावर बसवतात ते हेच. मधोमध त्याची जाडी सरासरी 540 मायक्रॉनच्या आसपास असते. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर, म्हणजे हा सगळा मामला जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा आहे. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवून मागच्या पडद्यावर आणण्याचं सुमारे दोन-तृतीयांश काम एकटा कॉर्निया करतो. उरलेलं काम आतलं भिंग करतं, ज्यात पुढे मोतीबिंदू होतो.

मायनस नंबर असतो तेव्हा बहुधा डोळा लांबीला जरा जास्त असतो, त्यामुळे प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते. डोळ्याची लांबी कमी करता येत नाही, पण कॉर्नियाचा फुगीरपणा मधोमध थोडा कमी केला तर प्रतिमा मागे सरकून पडद्यावर येते. प्लस नंबर असेल तर उलट करायचं: कडेकडेनं वर्तुळाकार काढायचं, म्हणजे मध्य उंच होतो. सिलिंडर नंबरात कॉर्निया एका दिशेनं जास्त आणि काटकोनातल्या दिशेनं कमी वळलेला असतो, तो समतोल करायचा. शस्त्रक्रियेचं नाव काहीही असो, कॉर्नियातून ऊतक काढून त्याचा आकार बदलणं एवढंच ती करते. काढलेलं परत येत नाही.

किती काढावं लागतं याचा एक ढोबळ नियम चार्ल्स मनर्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये मांडला. नंबराला दुरुस्त करायच्या वर्तुळाच्या व्यासाच्या (मिलिमीटरमध्ये) वर्गानं गुणायचं आणि तीननं भागायचं. उत्तर मायक्रॉनमध्ये येतं. नंबर मायनस 5 आणि व्यास 6 मिलिमीटर असेल तर 5 गुणिले 36 भागिले 3, म्हणजे 60 मायक्रॉन. आता व्यास 7 मिलिमीटर करा. नंबर तोच, पण उत्तर जवळजवळ 82 येतं. मग वर्तुळ लहान ठेवूनच काम का भागवत नाहीत? कारण रात्री बाहुली मोठी होते. दुरुस्त केलेला भाग तिच्यापेक्षा लहान पडला तर कडेच्या जुन्या कॉर्नियातूनही प्रकाश आत येतो, आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांभोवती वलयं दिसू लागतात. म्हणून वर्तुळ मोठं हवं, आणि मोठ्या वर्तुळाची किंमत मायक्रॉनमध्ये मोजावी लागते.

समजण्यासाठी एक डोळा धरू. कॉर्निया 500 मायक्रॉनचा, म्हणजे सरासरीपेक्षा थोडा पातळ. नंबर मायनस 8. वर्तुळ साडेसहा मिलिमीटरचं. नियमानुसार साधारण 113 मायक्रॉन काढावे लागतील. (प्रत्यक्षातल्या मशीन या ढोबळ आकड्यापेक्षा थोडं जास्तच काढतात, पण हिशोब कळायला एवढं पुरे.) हा डोळा पुढे बरोबर ठेवू.

कॉर्निया कोरून नंबर बदलायची कल्पना लेझरच्या आधीची आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात होसे बॅराकेर या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या मध्यात कॉर्नियाची चकती कापून काढली, ती गोठवली, छोट्या लेथवर घासून तिला हवा तो आकार दिला आणि पुन्हा डोळ्यावर टाके घालून बसवली. कल्पना बिनतोड होती, पण गोठवण्यानं पेशी मरत आणि नजर स्थिर व्हायला फार वेळ लागे. पुढे मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी सत्तरच्या दशकात दुसरी वाट धरली. कॉर्नियावर हिऱ्याच्या सुरीनं मध्यापासून कडेकडे खोल चिरा पाडायच्या, म्हणजे कडा सैल पडून मध्य सपाट होतो. लाखो लोकांनी ते करून घेतलं. पण खोल चिरांनी कॉर्निया कायमचा अशक्त होतो. अमेरिकेत अशा रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा 43 टक्के डोळे एक किंवा त्याहून जास्त डायॉप्टरनं (चष्म्याचा नंबर मोजतात ते एकक) प्लसच्या बाजूला सरकलेले आढळले. कॉर्निया ऑपरेशननंतरही वर्षानुवर्षं हळूहळू बदलत राहू शकतो, हा त्यातला महत्त्वाचा धडा होता.

खरी कलाटणी मिळाली ती दवाखान्याबाहेर. न्यूयॉर्कजवळच्या यॉर्कटाउन हाइट्समधल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन नावाचे रसायनशास्त्रज्ञ काम करत. जन्म मद्रासचा, शिक्षण मद्रास विद्यापीठात आणि मग कॅलिफोर्नियात. त्यांच्याबरोबर सॅम्युअल ब्लम आणि जेम्स विन होते. तिथे एक्सायमर लेझर होता, ज्यातून 193 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश निघतो. प्लास्टिकचे पातळ थर तो सफाईनं खोदतो हे त्यांना दिसलेलं होतं. मग जिवंत प्राण्यांच्या ऊतकावर तो काय करेल? 1981 च्या थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, 27 नोव्हेंबरला, श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीचा तुकडा प्रयोगशाळेत आणला आणि त्यावर लेझर सोडला. खाचेच्या कडा स्वच्छ, आजूबाजूला कुठे काळं पडलेलं नाही. तुलनेसाठी हिरव्या प्रकाशाचा साधा लेझर वापरला, तेव्हा खाचेभोवती जळून काळं झालं.

पुढे त्यांनी माणसाच्या केसावर अशा खाचा पाडल्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा फोटो काढला. तो फोटो जगभर फिरला. केसाचा दांडा, त्यावर ओळीनं काटकोनी खाचा, आणि दोन खाचांमधला भाग जणू हातच न लागलेला. केस वितळलेला नाही, आक्रसलेला नाही.

असं का होतं? हिरवा किंवा अवरक्त लेझर ऊतकाला तापवतो, आणि उष्णता आजूबाजूला पसरून शेजारचंही भाजतं. 193 नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या एकेका कणात एवढी ऊर्जा असते की तो रेणूंमधले बंध थेट तोडतो. शिवाय हा प्रकाश ऊतकाच्या अगदी वरच्या थरातच शोषला जातो, खाली जातच नाही. एका झोतात साधारण पाव मायक्रॉनचा थर तुटतो आणि तुकडे उष्णता पसरायच्या आत उडून जातात. आमच्या उदाहरणातल्या 113 मायक्रॉनची बेरीज अशा पाव-पाव मायक्रॉननी करायची, म्हणजे चुकीला किती कमी जागा उरते ते पाहा. ऑपरेशनच्या वेळी रुग्णांना जळल्यासारखा वास येतो आणि ते घाबरतात. तो उडालेल्या कणांचा वास असतो, डोळा भाजत नसतो. डॉक्टरांनी हे आधी सांगून ठेवलं तर त्या अर्ध्या-एक मिनिटातली धास्ती बरीच कमी होते.

कोलंबिया विद्यापीठातले नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी या लेझरमधली शक्यता ओळखली, आणि 1983 मध्ये श्रीनिवासन यांच्याबरोबर कॉर्नियावरच्या प्रयोगांचा लेख प्रसिद्ध केला. 1988 मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये मार्गरीट मॅकडोनाल्ड यांनी चांगली नजर असलेल्या माणसाच्या डोळ्यावर हे ऑपरेशन केलं. ती रुग्ण स्त्री कर्करोगामुळे लवकरच तो डोळा गमावणार होती. डोळा जाणारच आहे, तर त्यातून डॉक्टरांना काही शिकता येऊ दे, म्हणून तिनं तो प्रयोगासाठी दिला. आज लाखो लोक चष्म्याशिवाय सकाळी उठतात, त्यात या बाईचा मोठा वाटा आहे.

या पहिल्या पद्धतीला पीआरके म्हणतात. कॉर्नियावरची पातळ साल, सुमारे 50 मायक्रॉनची, खरवडून बाजूला करायची, खालच्या थरावर लेझर चालवायचा आणि संरक्षणासाठी काँटॅक्ट लेन्स बसवायची. साल तीन ते पाच दिवसांत पुन्हा उगवते. तोवर डोळा चुरचुरतो, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. मोठ्या नंबरात नंतर धुरकटपणा येण्याचीही भीती असे. आता मायटोमायसिन नावाचं औषध मोजक्या सेकंदांसाठी लावून ती बरीच कमी करतात. पण हिशोबाच्या दृष्टीनं पीआरके उत्तम आहे, कारण ती साल परत येते आणि पुढे सांगितलेल्या लॅसिकसारखी पदरासाठी वेगळी जाडी खर्ची पडत नाही.

चुरचुर टाळण्यासाठी लॅसिक आलं. इराणमधल्या शिराझला जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे घोलाम पेमन यांना 1989 मध्ये अशा पद्धतीचं पेटंट मिळालं. त्याच सुमारास ग्रीसच्या क्रीट बेटावर इओआनिस पालिकारिस यांनी ती डोळ्यांवर करून पाहिली. बॅराकेर यांच्या जुन्या कल्पनेतलं कापणारं यंत्र आणि आयबीएमचा लेझर इथे एकत्र आले. कॉर्नियाचा वरचा पदर एका बाजूला जोडलेला ठेवून उघडायचा, आत लेझर चालवायचा, पदर पुन्हा मिटवायचा. टाका नाही, चुरचुर थोडी, आणि दुसऱ्या दिवशी दिसायला लागतं. लोकांनी ते उचलून धरलं यात नवल नाही.

पण पदर फुकटात मिळत नाही. सुरुवातीच्या ब्लेडच्या यंत्रांनी तो साधारण 160 मायक्रॉनचा निघे, आणि कधी ठरवल्यापेक्षा जाड, कधी पातळ. पदर परत मिटला तरी पूर्वीच्या ताकदीनं जुळत नाही, म्हणून त्याची जाडी ताकदीच्या हिशोबात धरत नाहीत. आमचा डोळा आठवा: 500 मधून पदराचे 160 गेले, लेझरचे 113 गेले, उरले 227. पदराखाली किमान 250 मायक्रॉन उरले पाहिजेत असा संकेत आहे, आणि बरेच डॉक्टर त्याहून जास्त, 300 पर्यंत राखतात. म्हणजे या डोळ्याला ब्लेडनं लॅसिक करता येणार नाही. करायला गेलं तर आतल्या दाबानं कॉर्निया पुढे फुगत जाण्याचा धोका. त्याला एक्टेशिया म्हणतात. चष्म्यानंही नीट न दिसणारा वेडावाकडा कॉर्निया तयार होतो.

इथे फेम्टोसेकंद लेझरचा शोध उपयोगी पडला. 1985 मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात जेरार मूरू आणि त्यांची विद्यार्थिनी डोना स्ट्रिकलंड यांनी लेझरचा झोत आधी लांबवून, मग वाढवून, मग दाबून अतिशय लहान आणि अतिशय तीव्र करण्याची युक्ती शोधली. त्याच कामासाठी 2018 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्या दोघांना मिळालं. फेम्टोसेकंद किती लहान? एवढ्या वेळात खुद्द प्रकाशही 0.3 मायक्रॉनच पुढे जातो. मूरू पुढे मिशिगन विद्यापीठात गेले. तिथे नव्वदच्या दशकात एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात अपघातानं असाच झोत गेला. त्याला तपासणाऱ्या रॉन कर्ट्झ या तरुण डॉक्टरांनी पाहिलं की पडद्यावरची जखम विलक्षण नेमकी आहे, भोवती भाजल्याची खूण नाही. त्या निरीक्षणातून कर्ट्झ आणि तिबोर युहास यांचं काम उभं राहिलं.

हा प्रकाश अवरक्त असतो. कॉर्नियातून तो अडथळ्याशिवाय जातो, पण जिथे केंद्रित होतो तिथल्याच काही मायक्रॉन भागात ऊतक फोडून बारीक बुडबुडा तयार करतो. वरचा थर अखंड, खालचा अखंड, आणि मध्ये हव्या त्या खोलीवर बुडबुड्यांची रांग. टपाल तिकिटांच्या पानावर भोकांच्या ओळी असतात तशी ही रांग पडली की पदर अलगद सुटतो. लेझर ब्लेडपेक्षा नेमका असल्यानं पदर 100 ते 110 मायक्रॉनचा करता येतो आणि ठरवलेल्या जाडीपासून फारसा ढळत नाही. आमच्या डोळ्याचा हिशोब पुन्हा मांडू: 500 वजा 110 वजा 113, उरले 277. नियमात बसलं, पण ऐसपैस नाही. त्यामुळेच काही डॉक्टर असा डोळा पाहून पीआरकेच सुचवतील, आणि त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं.

स्माइल या पद्धतीत एक्सायमर लेझर लागतच नाही. फेम्टोसेकंद लेझर कॉर्नियाच्या आत एक भिंगाच्या आकाराची चकती कापतो, आणि डॉक्टर ती 2 ते 4 मिलिमीटरच्या छोट्या छेदातून ओढून बाहेर काढतात. लॅसिकच्या पदराची कड सुमारे 20 मिलिमीटरची असते, म्हणजे फरक मोठा. जर्मनीत वॉल्टर सेकुंडो आणि मार्कस ब्लम यांनी ही पद्धत पुढे नेली, आणि तिच्या सुरुवातीच्या काळात बडोद्याच्या डॉ. रूपल शाह यांनी केलेलं कामही जगभर वाचलं गेलं. अमेरिकेत तिला 2016 मध्ये मान्यता मिळाली. पदर नसल्यानं मार लागून तो सरकण्याची भीती नाही, आणि वरच्या नसा कमी तुटत असल्यानं डोळे कोरडे पडण्याचा त्रास साधारणपणे कमी. मात्र स्माइल म्हणजे सगळ्यांसाठी सरस असं मी म्हणणार नाही. चकती हाताळता यावी म्हणून ती नंबरासाठी लागते त्यापेक्षा थोडी जाड कापतात, म्हणजे मायक्रॉन जास्त जातात. वर शाबूत राहिलेला थर ताकदीत किती धरायचा, यावर तज्ज्ञांमध्ये अजून चर्चा आहे. आणि नंबर थोडा उरला तर पुन्हा दुरुस्ती करणं लॅसिकइतकं सोपं नाही.

मायक्रॉन नेमके मोजले तरी ते नेमक्या जागी पडले पाहिजेत. डोळा कधीच पूर्ण स्थिर नसतो. रुग्णानं दिव्याकडे टक लावली तरी त्याच्या बारीक हालचाली चालूच असतात. म्हणून यंत्रात ट्रॅकर असतो, जो बाहुलीचा माग काढत झोत वळवत राहतो. सुरुवातीच्या एका ट्रॅकरचं मूळ नासासाठी केलेल्या कामात होतं, अंतराळयानं एकमेकांना जोडताना वापरायच्या लेझर-रडारमध्ये. याहून लपलेली अडचण वेगळीच: बसून तपासलेला डोळा आडवं झाल्यावर काही अंशांनी स्वतःभोवती फिरतो. सिलिंडर नंबरात दहा अंशांची चूक झाली तर दुरुस्तीचा सुमारे एक-तृतीयांश परिणाम वाया जातो. आता यंत्रं बुबुळावरच्या रेषा ओळखून हे फिरणं भरून काढतात. सिलिंडर जास्त असेल तर तुमच्या यंत्रात ही सोय आहे का, हे जरूर विचारा.

कंटूरा किंवा वेव्हफ्रंट ही नावं यापुढची आहेत. प्रत्येक डोळ्यात साध्या नंबरापलीकडचे बारीक दोष असतात. वेव्हफ्रंटमध्ये ते मोजणारा सेन्सर खगोलशास्त्रातून डोळ्यांकडे आला, आणि त्यात हायडेलबर्गच्या जोसेफ बिले यांच्या गटाचा मोठा हात आहे. कंटूरात कॉर्नियाच्या उंचसखलपणाचा नकाशा वापरतात. साधा, नीट नंबर असलेल्या बऱ्याच डोळ्यांना त्यानं फार फरक पडेल असं नाही. कॉर्निया थोडा वाकडा असेल तर पडतो.

माझ्या मते या सगळ्यात मोलाचा शोध म्हणजे कुणाचं ऑपरेशन करू नये हे सांगणारी तपासणी. केराटोकोनस नावाच्या आजारात कॉर्निया आपोआप पातळ होत टोकदार बनतो. अशा डोळ्यावर लेझर केला तर नुकसान वेगानं वाढतं. सुरुवातीला त्याची खूण पुढच्या पृष्ठभागावर दिसतही नाही, मागच्या पृष्ठभागावर आधी दिसते. जुन्या यंत्रांत प्रकाशाची वर्तुळं कॉर्नियावर पाडून त्यांच्या प्रतिबिंबावरून पुढचा भाग तेवढा मोजत. आजची यंत्रं फिरत्या कॅमेऱ्यानं आडवे छेद टिपून पुढची, मागची बाजू आणि जाडीचा पूर्ण नकाशा रंगांत छापून देतात. ॲलर्जीमुळे डोळे सतत चोळणाऱ्यांनी तर हा नकाशा काढल्याशिवाय पुढे जाऊच नये, कारण चोळण्याचा या आजाराशी संबंध आढळला आहे. काँटॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी डॉक्टर सांगतील तितके दिवस ती बंद ठेवा, कारण लेन्सनं कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशा फसतो.

जर्मनीतले थिओ साइलर हे एक्सायमर लेझर डोळ्यावर वापरणाऱ्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक. लॅसिकनंतर कॉर्निया फुगल्याची नोंद 1998 मध्ये त्यांनीच सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली, आणि त्यावरच्या उपायाच्या कामातही ते होते. ड्रेस्डेनमध्ये विकसित झालेल्या या उपायाला क्रॉसलिंकिंग म्हणतात. कॉर्नियात रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचे, थेंब मुरवायचे आणि त्यावर सौम्य अतिनील प्रकाश टाकायचा, की आतल्या तंतूंमध्ये नवे बंध तयार होऊन कॉर्निया ताठ होतो. एका तरंगलांबीचा अतिनील प्रकाश बंध तोडतो, दुसऱ्या तरंगलांबीचा बांधतो. पण क्रॉसलिंकिंग बिघाड थांबवण्यासाठी आहे. त्याच्या भरवशावर पातळ कॉर्नियाला जोखमीत घालू नये. अशांसाठी बुबुळामागे बसवायची लेन्स हा वेगळा मार्ग आहे. तिच्यासाठी कॉर्नियातलं काही काढावं लागत नाही, पण डोळ्याच्या आत शस्त्रक्रिया होते आणि तिचे धोके वेगळे.

वय 18 पूर्ण आणि किमान वर्षभर नंबर स्थिर, ही पहिली अट. गरोदरपणात, स्तनपान चालू असताना किंवा डोळे फार कोरडे असताना थांबावं. चाळिशीनंतर जवळचं वाचायला लागणारा चष्मा लेझरनं टळत नाही, कारण तो आतलं भिंग ताठ झाल्यामुळे लागतो. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करत असाल तर त्या त्या खात्याचे चालू नियम ऑपरेशनच्या आधी वाचा.

आणि कागद जपून ठेवा. ऑपरेशनआधीचा नंबर, कॉर्नियाची जाडी, त्याच्या वळणाची मापं, काढलेले मायक्रॉन, जाडीचा तो रंगीत नकाशा: हे सगळं मागून घ्या आणि फोनमध्येही फोटो काढून ठेवा. वीस-तीस वर्षांनी मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर कॉर्नियाच्या वळणावरून काढावा लागेल. लेझर झालेल्या कॉर्नियावर नेहमीची सूत्रं चुकतात. मायनस नंबर काढलेल्या डोळ्याला त्यांच्या भरवशावर लेन्स बसवली तर ती कमी ताकदीची निघते, आणि माणूस प्लस नंबर घेऊन घरी येतो. तेव्हाच्या डॉक्टरांना लेझर झालंय हे सांगितलंत आणि जुने आकडे समोर ठेवलेत, तर त्यांना योग्य सूत्र निवडता येईल.